घर घेताय? भाड्याच्या घराची नोटीस कधी आणि कशी द्यायची

नव्या घराचा करारनामा रजिस्टर झाला की एक महिन्याचं भाडं वाचवायच्या घाईत अनेकजण लगेच घरमालकाला नोटीस देतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी हे टाळावं. नोटीस नव्या घराच्या चाव्या मिळण्याच्या तारखेवरून ठरवा, रजिस्ट्रेशनच्या तारखेवरून नको.

बिल्डरकडून घेत असाल तर आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळाली का ते बघा. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून खात्री करता येते. ओसीआधी 'फिट-आउट'साठी, म्हणजे आतल्या फर्निचर-सजावटीच्या कामासाठी चावी देतात, तिच्या भरवशावर राहतं घर सोडू नका. रिसेल फ्लॅट असेल तर बँकेचा चेक, विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटणं आणि त्याचं स्वतःचं सामान हलणं, या तिन्हींवर ताबा अडतो. म्हणून ताब्याची तारीख करारनाम्यातच लिहून घ्या. रंगकाम, फर्निचर धरून दोन्ही घरं पंधरा-वीस दिवस हातात राहतील असं बघा. तेवढं जादा भाडं परवडतं, सामानासकट मधेच अडकणं परवडत नाही.

नोटीस कोण देऊ शकतं?

करारात लायसन्सी, म्हणजे भाड्याने राहणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो. दोन नावं असतील तर दोघांच्या सह्या घ्या. मग करारातली दोन कलमं वाचा: नोटीस पिरियड (बहुतेक करारांत एक महिना) आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती. लॉक-इन चालू असताना निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं, पण घरमालकाशी बोलून तडजोड होते. ती झाली की लेखी घ्या.

करार रजिस्टर केलेलाच नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम समोरच्याचं.

ताब्याआधीच करार संपत असेल तर

नुसतं राहत राहू नका. कलम २४ नुसार मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. करार पुन्हा करा आणि या वेळी लॉक-इन काढून घ्या. खर्च फार नाही: महिना २५,००० भाडं, १ लाख परतीचं डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क साधारण ७१० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय एजंटचे पैसे.

नोटिशीत काय लिहायचं

"दिनांक ___ च्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातील कलम ___ नुसार मी एक महिन्याची नोटीस देत आहे. दिनांक ___ रोजी सदनिका क्र. ___ रिकामी करून चाव्या सुपूर्द करीन. डिपॉझिट रु. ___ त्याच दिवशी परत करावे, ही विनंती."

व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, पण तेवढ्यावर थांबू नका. हीच नोटीस ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने करारातल्या पत्त्यावर पाठवा. नोटीस पोचल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते असं समजून चार-पाच दिवस आधीच टाका.

जवळ ठेवायची कागदपत्रं

कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा), डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, भाड्याच्या पावत्या, शेवटचं लाइट बिल व पाइप गॅसचं बिल, सोसायटीत सामान हलवण्याच्या अर्जाची प्रत.

खरी भांडणं डिपॉझिटवरून होतात. "शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा" हे घरमालकाच्या लेखी होकाराशिवाय करू नका. चाव्या देताना त्याला घरी बोलवा, खोलीखोलीचा व्हिडिओ काढा, मीटर रीडिंगचा फोटो घ्या. पंखे, गीझर, चाव्यांची संख्या आणि कापलेली रक्कम एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. रंगाचे पैसे कापायचे तर करारात तसं कलम आहे का, हे तिथेच विचारा.

भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर शेवटच्या भाड्यातून टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापायचा राहून जातो, तो आठवणीने कापा आणि भरा. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ लागतो. आधार, बँक आणि गॅसचा पत्ता नव्या घरी गेल्यावर बदलला तरी चालतो.