विजेट: कोड न लिहिता वेबसाइटची मांडणी

विजेट म्हणजे वेबसाइटच्या पानावर बसवायचा, एकच ठरलेलं काम करणारा छोटा तयार भाग. सर्चची चौकट, ताज्या लेखांची यादी, कॅटेगरी, जुन्या लेखांचं आर्काइव्ह, कॅलेंडर, टॅग क्लाउड (लेखांच्या विषयशब्दांचा पुंजका), फोटो गॅलरी, मेनू, नकाशा असं जे काही मुख्य मजकुराच्या आजूबाजूला दिसतं त्यातलं बरंचसं विजेटच असतं. साइट चालवणाऱ्याने ते यादीतून उचलायचं, हव्या त्या जागेत सोडायचं, शीर्षक वगैरे दोन-चार गोष्टी भरायच्या आणि सेव्ह करायचं, एवढंच. एचटीएमएल, सीएसएस, पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषांतलं काहीही यावं लागत नाही, आणि माझ्या मते वेबसाइट ही फक्त प्रोग्रामरची गोष्ट राहिली नाही यामागे ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यात विजेटचा नंबर बराच वर लागतो.

पण हे नीट वापरायचं तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. विजेट वेगळं आणि ते ज्या जागेत बसतं ती जागा वेगळी. जागा ठरवते थीम, म्हणजे साइट कशी दिसणार हे ठरवणारा तयार साचा. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थीम बनवणारा रजिस्टर साइडबार नावाच्या फंक्शनने (कोडमधल्या आज्ञेने) सांगतो की माझ्या थीममध्ये उजवीकडे एक जागा आहे, फुटरमध्ये (पानाच्या तळाशी) तीन आहेत, वगैरे, आणि मग टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा असलेल्या फाइलमध्ये, डायनॅमिक साइडबार हे फंक्शन त्या जागेत जे काही ठेवलं असेल ते छापतं. फंक्शनच्या नावात साइडबार, म्हणजे बाजूची पट्टी, असलं तरी जागा पानाच्या तळाशीही असू शकते, हेडरमध्येही, लेखाच्या खालीही. म्हणजे शेल्फमध्ये खण किती आणि कुठे हे सुतार ठरवतो, खणात काय ठेवायचं हे आपण. त्यामुळे "मला विजेट डावीकडे हवंय पण ऑप्शनच येत नाही" असं जे नवीन माणूस म्हणतो त्याचं कारण बहुतेक वेळा थीममध्ये डावीकडे जागाच नसते हे असतं, विजेट बिघडलेलं नसतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे विजेटची माहिती थीमच्या फाइलमध्ये नसते, डेटाबेसमध्ये असते. कुठल्या जागेत कुठली विजेट्स, कुठल्या क्रमाने, प्रत्येकाचं सेटिंग काय, हे सगळं तिथे साठतं. याचा फायदा खूप मोठा आहे कारण थीमची फाइल उघडून हाताने काही लिहिलं तर थीम अपडेट झाली की ते पुसलं जातं, विजेट मात्र जागेवर राहतं.

विजेट येण्याआधी काय होतं ते बघितलं की याची किंमत कळते. साइडबारमध्ये एक लिंक वाढवायची तरी थीमची साइडबारची पीएचपी फाइल उघडायची, योग्य ओळ शोधायची आणि तिथे कोड घालायचा, आणि एखादा डिव्ह (एचटीएमएलमधला चौकट आखणारा टॅग) बंद करायचा राहिला तर अख्खा साइडबार घसरून मजकुराच्या खाली जायचा. ऑटोमॅटिक या कंपनीने 2006 मध्ये वर्डप्रेससाठी साइडबार विजेट्सचं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आणलं, ते इतकं उपयोगी ठरलं की मे 2007 मध्ये वर्डप्रेस 2.2 मध्ये ते थेट मूळ सॉफ्टवेअरचा भाग झालं. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉग लिहायच्या सेवेनेही 2006 मध्येच नवीन आवृत्तीत ड्रॅग करून लेआउट बदलायची सोय दिली, तिथे या तुकड्यांना आधी पेज एलिमेंट आणि नंतर गॅजेट म्हणायला लागले. वर्डप्रेससारखंच वेबसाइटचं सॉफ्टवेअर असलेल्या द्रुपलमध्ये हीच कल्पना ब्लॉक आणि रीजन या नावाने आहे, तसंच जूमलामध्ये मॉड्यूल आणि पोझिशन या नावाने. नावं वेगळी आहेत पण जागा एकाने आखायची आणि वस्तू दुसऱ्याने ठेवायची ही वाटणी सगळीकडे तीच.

पुढे वर्डप्रेसमध्ये हळूहळू बरंच बदलत गेलं. 2.8 मध्ये, म्हणजे 2009 साली, विजेट बनवायची पद्धत नव्याने लिहिली गेली आणि एकाच प्रकारचं विजेट हव्या तितक्या वेळा वापरणं सरसकट सोपं झालं. 2014 च्या 3.9 मध्ये कस्टमायझर या साइटचं रूप बदलायच्या स्क्रीनमधून विजेट बदलताना समोर लाइव्ह प्रीव्ह्यू दिसायला लागला, आणि ज्याला कोड येत नाही त्याच्यासाठी हा फार मोठा आधार आहे कारण सेव्ह करण्याआधीच कळतं की पान कसं दिसणार. 2017 मध्ये 4.8 ने फोटो, व्हिडिओ, ऑडिओची वेगळी विजेट्स दिली आणि टेक्स्ट विजेटमध्ये बोल्ड, इटॅलिक, लिंक अशी साधी बटणं आली, तोपर्यंत तिथेसुद्धा लिंक द्यायची तर एचटीएमएलचा टॅग हाताने लिहावा लागायचा.

मग जुलै 2021 मध्ये 5.8 आलं आणि विजेटच्या स्क्रीनवर ब्लॉक एडिटर आला, म्हणजे परिच्छेद, फोटो असे तुकडे (ब्लॉक) एकाखाली एक रचायची सोय. आता विजेटच्या जागेत लेखात वापरतो तेच ब्लॉक ठेवता येतात, कॉलम पाडता येतात, बटण ठेवता येतं. ज्यांना जुनी स्क्रीन हवी त्यांच्यासाठी क्लासिक विजेट्स नावाचं प्लगइन आहे, ते टाकलं की पूर्वीसारखं दिसायला लागतं. त्यानंतर जानेवारी 2022 च्या 5.9 पासून ब्लॉक थीम आल्या, आणि तिथे खरं तर विजेटची वेगळी स्क्रीनच उरत नाही, हेडर फुटर सकट अख्खं पान साइट एडिटरमध्ये ब्लॉकनेच रचायचं. त्यामुळे एखाद्या जुन्या गाइडमध्ये "अपिअरन्समध्ये जा, विजेट्सवर क्लिक करा" लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे तो ऑप्शन दिसत नाही, तेव्हा आधी आपली थीम क्लासिक आहे की ब्लॉक थीम ते बघावं. 2016 मध्ये आलेल्या एलिमेंटरसारख्या पेज बिल्डरमध्येही (ओढून-सोडून पान रचायच्या प्लगइनमध्ये) तुकड्यांना विजेटच म्हणतात, पण ती थीमने दिलेल्या जागेत अडकलेली नसतात, पानात पाहिजे तिथे टाकता येतात. एकच शब्द दोन ठिकाणी वापरला जातो म्हणून लोकांचा गोंधळ होतो तो इथे.

आता मांडणी कशी करावी. माझं स्पष्ट मत आहे की विजेट कमी ठेवावीत. टाकणं फुकट आणि सोपं असल्यामुळे साइडबार भरत जातो, कॅलेंडरही हवं, टॅग क्लाउडही हवा, आर्काइव्हही हवं, आणि वाचणारा मात्र मधला मजकूर वाचायला आलेला असतो. प्रत्येक विजेटबद्दल विचारावं की हे बघून माणूस पुढे काय करणार. सर्च, कॅटेगरी, ताजे लेख याचं उत्तर सरळ मिळतं, महिन्याला एखादाच लेख येणाऱ्या साइटवर कॅलेंडरचं मिळत नाही. आणि मोबाइलवर तर बहुतेक थीममध्ये साइडबार उजवीकडे राहतच नाही, तो मजकुराच्या खाली जातो, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्यात वर दिसणारी सर्चची चौकट मोबाइलवर पूर्ण लेख संपल्यावर येते. म्हणून जे खरंच गरजेचं आहे ते साइडबारच्या भरवशावर सोडू नये, थीममध्ये हेडरची जागा असेल तर तिथे ठेवावं, आणि कुठलाही बदल केला की मोबाइलवर उघडून बघावंच. सगळ्या पानांवर सगळं दाखवायचीही गरज नसते, द्रुपलमध्ये ब्लॉक कुठल्या पानावर आणि कुठल्या युजरला दिसावा हे सेटिंग मुळातच आहे, वर्डप्रेसमध्ये त्यासाठी जेटपॅकसारख्या प्लगइनमध्ये सोय मिळते.

यातला सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात जपून वापरायचा प्रकार म्हणजे कस्टम एचटीएमएल विजेट, ब्लॉगरमध्ये त्याला एचटीएमएल/जावास्क्रिप्ट गॅजेट म्हणतात. दुसऱ्या साइटवरून कोडचा तुकडा कॉपी करायचा आणि इथे पेस्ट करायचा की हवामान, चॅट, व्हिडिओ, काहीही चालू. कोड लिहावा लागत नाही हे खरं, पण कोड साइटवर येतो तो येतोच. तुकडा आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या वेगळ्या चौकटीत, असेल तर तो बराचसा स्वतःच्या चौकटीत राहतो, पण नुसती स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) असेल तर तिला आपल्या पानाचे जवळजवळ सगळे अधिकार मिळतात, पानावर काय लिहिलंय ते वाचायचे आणि बदलायचेसुद्धा. 11 फेब्रुवारी 2018 ला हेच झालं, मजकूर वाचून दाखवणाऱ्या ब्राउझअलाउड या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी गुपचूप बदल केला आणि ती स्क्रिप्ट लावलेल्या 4,000 पेक्षा जास्त साइट्सवर भेट देणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो मायनिंग, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरची ताकद वापरून डिजिटल चलन कमावणं, सुरू झालं, त्यात ब्रिटनच्या सरकारी साइट्ससुद्धा होत्या. त्या साइटवाल्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. वर्डप्रेसच्या मल्टिसाइटमध्ये (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट्स) साध्या अ‍ॅडमिनला विजेटमध्ये स्क्रिप्ट टाकता येत नाही, ती सेव्ह करताना गाळली जाते, लोकांना हा त्रास वाटतो पण कारण हेच आहे.

प्रायव्हसीचा प्रश्नही यातच येतो. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 29 जुलै 2019 ला फॅशन आयडी या ऑनलाइन दुकानाच्या प्रकरणात निकाल दिला की साइटवर फेसबुकचं लाइकचं बटण बसवलं तर भेट देणाऱ्यांची माहिती गोळा होऊन फेसबुककडे जाण्याची जबाबदारी त्या साइटवरही आहे, बटण दुसऱ्याचं आहे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

वेगाचं गणित साधं आहे, बाहेरून येणारं प्रत्येक विजेट म्हणजे आणखी एका सर्व्हरची वाट बघणं. त्यात ते उशिरा येऊन वरचा मजकूर खाली ढकलतं, वाचता वाचता ओळ डोळ्यासमोरून पळते किंवा क्लिक भलतीकडेच होतं. गूगलने 2020 मध्ये साइट मोजायचे जे कोअर वेब व्हायटल्स ठरवले त्यात या हलण्याचा वेगळा आकडा आहे, तो 0.1 किंवा त्याहून कमी असेल तर चांगला धरतात. विजेटच्या सेटिंगमध्ये उंची देता येत असेल तर ती आधीच भरून टाकावी, जागा राखली जाते आणि पान हलत नाही.

थीम बदलताना विजेट्सचं काय होतं हे मात्र आधीच माहीत असलेलं बरं. नव्या थीमच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे काही विजेट्स नव्या जागेत आपोआप जातात (2017 च्या वर्डप्रेस 4.9 पासून हे जुळवणं बरंच सुधारलं) आणि ज्यांना जागा मिळत नाही ती इनअ‍ॅक्टिव्ह विजेट्स या विभागात जाऊन पडतात. ती डिलीट झालेली नसतात, सेटिंगसकट तिथे असतात, तिथून ओढून परत लावता येतात. तात्पुरतं एखादं विजेट काढायचं असेल तरी डिलीट न करता तिथेच ठेवावं. साइट दुसरीकडे हलवताना वर्डप्रेसच्या नेहमीच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये लेख, पानं, कॉमेंट्स येतात पण विजेट्स येत नाहीत, त्यासाठी विजेट इम्पोर्टर अँड एक्सपोर्टर नावाचं वेगळं प्लगइन वापरतात, किंवा मग पूर्ण डेटाबेसचाच बॅकअप घ्यावा लागतो.