मेलानोमाचे भवितव्य आणि पेशीकेंद्रकाचे मोजमाप

कर्करोगाच्या पेशींचे केंद्रक बिघडलेले दिसते, हे जुने निरीक्षण आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्ये अशा पेशींतील विषम विभाजनांचे वर्णन केले होते. तरीही पुढे कित्येक दशके अहवालात ‘केंद्रके मोठी व अनियमित’ एवढेच लिहिले जाई. किती मोठी, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असे.

त्वचेच्या मेलानोमाबाबत, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाबाबत, आकड्याची गरज प्रथम वेगळ्याच मोजमापाने भागवली. १९७० मध्ये अमेरिकेतील अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधील मोजपट्टी लावून बाह्यत्वचेच्या कणमय थरापासून सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंतची जाडी मोजली. त्यांच्या रुग्णांपैकी ज्यांची गाठ ०.७६ मिलिमीटरहून पातळ होती, त्यांच्यात रोग पुन्हा उद्भवला नाही. मात्र सारख्याच जाडीच्या दोन गाठींची वाटचाल पुष्कळदा अगदी वेगळी होते आणि याचे उत्तर केंद्रकात सापडेल, ही आशा म्हणूनच टिकून राहिली.

खरी अडचण भूमितीची होती. काचपट्टीवरचा छेद जेमतेम चार-पाच मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात एखादे केंद्रक मधोमध कापले जाते, तर एखाद्याची नुसती कडच येते, त्यामुळे दिसणाऱ्या व्यासावरून खरे आकारमान सरळ काढता येत नाही. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ स्वेन विकसेल यांनी हा प्रश्न १९२५ मध्येच मांडला होता. डेन्मार्कमधील गुंडरसेन आणि येन्सेन यांनी १९८५ मध्ये त्यावर जी वाट दाखवली, ती मला फार देखणी वाटते. प्रतिमेवर बिंदूंची जाळी ठेवायची, बिंदू ज्या केंद्रकात पडेल त्यातून त्या बिंदूतून जाणारी रेषा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोजायची, त्या लांबीचा घन करायचा आणि अशा अनेक घनांच्या सरासरीला पाय (π) या गणिती स्थिरांकाच्या एक-तृतीयांशाने गुणायचे. मोठ्या केंद्रकावर बिंदू पडण्याची शक्यता अधिक, म्हणून या सरासरीत मोठ्या केंद्रकांचे वजन आपोआप वाढते, आणि आक्रमक गाठीत नेमकी तीच शोधायची असतात. १९८९ मध्ये ही पद्धत मेलानोमाच्या प्रतवारीसाठी आणि रुग्ण किती काळ जगेल याच्या अंदाजासाठी वापरली गेली.

ती रोजच्या कामात मात्र रुळली नाही. ऊती टिकवून तिचे छेद घेण्यासाठी केलेल्या फॉर्मालिन आणि मेणाच्या प्रक्रियेत ती आक्रसते, दाट रंगद्रव्य केंद्रकाची कड झाकते, आणि गाठीचा कोणता भाग मोजायचा यावरही निकाल बदलतो. २०१८ पासून लागू झालेल्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत मूळ गाठीची पायरी जाडी आणि व्रण यांवरच ठरते. संगणक आता केंद्रकाची कड स्वतः आखतो, पण त्याच्यापुढे येणारा छेद त्याच आक्रसलेल्या ऊतीचा असतो.