चार वाट्या स्टॉक, एक वाटी कण्या

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्याच्या जाडसर कण्या शिजवून ‘ग्रिट्स’ केले जातात, आणि सॉसेजचे काही तुकडे घातले की त्यांचे रात्रीचे स्वस्त जेवण होते. जॉर्जिया राज्याने २००२ मध्ये ग्रिट्सला अधिकृत शिजवलेला पदार्थ म्हणून मान्यताही दिली. एक वाटी कण्यांना साधारण चार वाट्या द्रव लागतो. म्हणजे ताटातल्या ग्रिट्सचा बहुतांश भाग पाणीच असतो. थोड्याशा सॉसेजवर चौघांचे जेवण भागवायचे असेल, तर चव या पाण्यातच आणावी लागते. म्हणून अशा जेवणात हाडे मंद आचेवर उकळून घरी केलेल्या स्टॉकचे महत्त्व सॉसेजपेक्षा काकणभर जास्तच ठरते.

कोंबडीची मान, पाठीचा सांगाडा, पंखांची टोके आणि पाय हे कमी किमतीत मिळणारे भाग कोलॅजन या प्रथिनाने भरलेले असतात. कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ओलसर उष्णतेत हा पीळ हळूहळू सुटतो आणि त्यातून बनलेले जिलेटिन पाण्यात उतरते. त्यासाठी मंद आचेवर तीन-चार तास द्यावे लागतात. पाणी खळखळून उकळू दिल्यास चरबीचे बारीक थेंब होऊन ते द्रवात मिसळतात आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने हेच काम बरेच लवकर होते. फ्रीजमध्ये ठेवलेला स्टॉक थलथलीत गोठला, तर जिलेटिन पुरेसे उतरले असे समजावे. मात्र तो मोठ्या पातेल्यात तासन्‌तास कोमट राहू देणे धोक्याचे आहे, कारण उकळण्यातून वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू त्या तापमानात वेगाने वाढीला लागतात. उथळ भांड्यांत ओतून तो दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. स्टॉकमध्ये मीठ घालू नये, कारण सॉसेजमध्ये ते आधीच भरपूर असते.

मक्यातील स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंशांदरम्यान पाणी शोषून फुगतात आणि त्यांतून बाहेर पडणारा अमायलोज हा स्टार्चचाच एक घटक मिश्रणाला दाटपणा देतो. तरीही जात्यावर भरडलेल्या जाड कण्यांना पाऊण तास ते तासभर लागतो, कारण पाणी कणीच्या गाभ्यापर्यंत सावकाश पोहोचते. सुरुवातीला सतत ढवळणे आवश्यक असते. नाहीतर बाहेरचा थर फुगून चिकटतो, आत कोरडे पीठ अडकते आणि गुठळ्या होतात.

सॉसेज वेगळ्या तव्यावर परतावे. पृष्ठभाग १४० अंशांपुढे गेला की अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात ती अभिक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. तव्याला चिकटलेल्या तपकिरी थरात तिचीच चव साठलेली असते; पळीभर स्टॉक ओतून तो थर खरवडला की ती चव ग्रिट्समध्ये उतरते.

सॉसेज पूर्णपणे वगळावे काय? केवळ चवीचा विचार केला तर चालेल, पण पोषणाचा इतिहास वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच राज्यांत त्वचा सोलणारा, बुद्धिभ्रम आणणारा आणि अनेकदा प्राणघातक ठरणारा पेलाग्रा पसरला होता. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या संशोधनातून दाखवून दिले की हा रोग संसर्गजन्य नसून मका, डुकराची चरबी आणि काकवी यांवर भागवल्या जाणाऱ्या गरिबांच्या आहारातून येतो. पेलाग्रा नायसिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. मक्यातील नायसिन बांधलेल्या रूपात असते आणि शरीराला ते फारसे मिळत नाही; राख किंवा चुन्याच्या पाण्यात मका शिजवणाऱ्या मूलनिवासी अमेरिकनांच्या पद्धतीत ते मोकळे होते. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नायसिन तयार करते, पण मक्यात ते कमी असते आणि जिलेटिनमध्ये तर नसतेच. त्यामुळे स्टॉक कितीही दाट झाला तरी मक्याची ही उणीव तो भरून काढू शकत नाही. सॉसेजमधले मांस, एखादे अंडे किंवा दूध ती भरून काढते. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा आढळला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत १९४० च्या दशकापासून ग्रिट्समध्ये नायसिन वरून मिसळले जाऊ लागले. मात्र पाकिटावर तशी नोंद असेल, तर धान्य धुऊन शिजत घालण्याची आपली सवय तेथे बाजूला ठेवावी, कारण वरून मिसळलेली जीवनसत्त्वे धुतलेल्या पाण्याबरोबर निघून जाऊ शकतात.