मॉर्फिनची भीती आली कुठून

कॅन्सरचं दुखणं असह्य झालं तरी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक, लिहायला डॉक्टर कचरतात आणि घरचे "एवढ्यात नको" म्हणतात, याचं मूळ शोधायला 1985 पासून सुरुवात करावी लागते. अफूवरची सरकारी बंधनं त्याआधीचीच, इंग्रजांच्या काळापासूनची. पण 85 ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आला, रोख होता स्मगलरवर आणि कचाट्यात सापडला पेशंट. मोठ्या गुन्ह्यांना कमीत कमी 10 वर्षं सक्तमजुरी, आणि हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांची चार-पाच लायसन्स, तीही सगळी एकाच वेळी चालू पाहिजेत, म्हणजे एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. कोण ठेवेल मग? 1997 पर्यंत अख्ख्या देशाचा मॉर्फिनचा वापर 18 किलोच्या आसपास उतरला होता. आणि अफू मात्र आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने पिकत होती, बाहेर जात होती. गैरवापर रोखायचा होता हे मान्य, पण त्याची किंमत पेशंटनी मोजली, हे स्पष्ट म्हणायला हवं.

1998 ला केंद्राने सोपे नियम सुचवले, ते थोड्याच राज्यांनी उचलले. शेवटी 2014 ला कायदाच बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल धरून सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते, ढीगभर लायसन्स लागत नाहीत. तरी नाशकात मेडिकलवाल्याला विचारा, बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात, कारण मधल्या तीस वर्षांत शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी हे औषध कधी हाताळलंच नाही. त्यात अमेरिकेतल्या अशाच औषधांच्या व्यसनाच्या बातम्या आल्या, 2018 ला ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषधही एनडीपीएसखाली गेलं, भीती परत ताजी झाली.

कळवण-सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबाला कायद्याचं काही माहीत नसतं, त्यांना एवढंच वाटतं की मॉर्फिन सुरू झालं म्हणजे आता संपलं. खरं तर साधी गोळी कमी डोसने सुरू करून दर चार तासांनी देतात, दुखणं बघून वाढवतात, तसं दिलं तर श्वास बंद पडण्याचा धोका फार कमी. बद्धकोष्ठता मात्र जवळपास ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. ते लिहायचं राहून गेलं की चार दिवसांत पोट फुगतं, घरचे म्हणतात बघा, सांगत होतो ना, आणि मॉर्फिनच बंद करून टाकतात.