पहिली बादली ओतून द्यायची

छोट्या शिडाच्या होडीतून महासागर ओलांडणारा माणूस दिवसभर करतो काय, असं विचारलं की लाटा आणि वादळंच डोळ्यांपुढे येतात. खरं तर तिथला दिवस गोड्या पाण्याभोवती फिरतो. भांडी खाऱ्या पाण्यात, आंघोळ खाऱ्या पाण्यात. भातालाही निम्मंशिम्मं खारंच घालायचं, म्हणजे मीठ वेगळं लागत नाही.

या काटकसरीची सगळ्यात गाजलेली परीक्षा १९६८ साली झाली, आणि त्या परीक्षेला बसलेली होडी मुंबईत बांधलेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. त्यांची ३२ फुटी, सागवानी ‘सुहैली’ इथल्या सुतारांनी वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि सामता (भोकं पाडायचं हत्यार) वापरून घडवली, नारळ फोडून पाण्यात सोडली. १४ जून १९६८ला ते इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले. एकट्याने, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत होती. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोचले ते एकटेच, ३१२ दिवसांनी.

आफ्रिकेचं दक्षिण टोक जवळ आलं असताना त्यांच्या टाक्यांमधलं पाणी नासल्याचं लक्षात आलं. डब्यांमध्ये वेगळं ठेवलेलं थोडं पाणी होतं. बाकी भिस्त पावसावर. पाऊस धरण्यातही कसब आहे. शिडावरून ओघळ एका जागी येईल अशी त्याची खालची कड ठेवायची आणि तिथे बादली टांगायची. पहिली बादली मात्र ओतून द्यायची, कारण शिडावर कित्येक दिवसांचं मीठ बसलेलं असतं. दुसरीत बोट बुडवून चाखायचं. खारट लागलं तर तीही भांड्यांना. पागोळीखाली हंडा लावणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळं शिकवायला नको!

झोपेचंही तसंच, तीही रेशनवर. माणसं जास्त असली तर पाळ्या लागतात. एकटा असला तर जहाजांच्या वाटेवर वीस-तीस मिनिटांचा गजर लावायचा, उठून क्षितिज न्याहाळायचं, पुन्हा आडवं व्हायचं. स्टोव्ह झोक्यासारखा टांगलेला असतो; होडी कलंडली तरी पातेलं सपाट राहतं, ढवळणाराच भिंतीवर आपटतो.

आपल्याकडे नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी तयारीचे धडे नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच गिरवले आणि २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून चार बंदरांवर थांबत एकट्याने प्रदक्षिणा केली. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ला मुंबईहून निघाले, ते कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ला परतले. आता समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं मिळतात, पण त्यांना वीज लागते, आणि टाकीत काय मिसळेल याचा भरवसा कोण देणार? टॉमींच्या पाण्यात प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात डिझेल मिसळलं होतं.

२०१८मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्या सफरीच्या पन्नाशीनिमित्त जुन्या काळच्याच साधनांनिशी पुन्हा शर्यत झाली. ‘सुहैली’च्या घाटाची ‘थुरिया’ गोव्यातच बांधून टॉमी त्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि बिछान्यावरून हलता येईना. फ्रेंच मासेमारी-गस्त जहाज ‘ओसिरिस’ पोचेपर्यंत हाताशी होते ते आइस्ड टीचे कॅन, आणि तो चहाही पोटात ठरत नव्हता.