तारकासमूह आणि तारकागुच्छ: मुलांना फरक कसा समजावावा

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मृग आणि कृत्तिका एकाच वेळी आकाशात असतात. लहान मुलांना तारकासमूह व तारकागुच्छ यांतला फरक दाखवायला याहून सोयीची जोडी नाही.

मृगाची आकृती आपण पृथ्वीवरून पाहतो म्हणूनच जुळून येते. त्याच्या चार पायांपैकी बेलॅट्रिक्स सुमारे 250 प्रकाशवर्षांवर, तर राजन्य सुमारे 860 प्रकाशवर्षांवर आहे. हे आकडे मुलांना सांगू नयेत. एक तारा दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक लांब आहे, एवढे पुरे. असे तारे ज्यांत दिसतात, त्या आकाशाच्या 88 विभागांची यादी खगोलशास्त्रज्ञांनी 1922 साली ठरवली. तारकासमूह म्हणजे माणसाने आखलेला आकाशाचा भाग.

कृत्तिकांचे तसे नाही. वायू आणि धुळीच्या एकाच ढगातून सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले हे तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असून, आपल्यापासून सुमारे 440 प्रकाशवर्षांवरून ते एकत्र प्रवास करत आहेत. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा मातांची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी, कारण नुसत्या डोळ्यांना साधारण सहाच तारे दिसतात. मग दुर्बीण हाती द्यावी. गॅलिलिओने 1610 मध्ये येथे 36 तारे रेखाटले होते, आणि आज या गुच्छात हजाराहून अधिक तारे असल्याचे आपल्याला ठाऊक आहे.

मात्र मुलांनी ‘जवळ दिसतात ते गुच्छातले’ असा नियम करून घेतला, तर रोहिणी त्यांना फसवते, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तांबूस रोहिणीभोवती इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दिसणारे बहुतेक तारे सुमारे 150 प्रकाशवर्षांवरच्या हायाडीज गुच्छातले आहेत, पण स्वतः रोहिणी अवघ्या 65 प्रकाशवर्षांवर, वाटेत मध्येच आहे. टेकडीवरून रात्री दूरच्या गावाचे दिवे पाहताना अलीकडच्या शेतातला एक कंदील त्यांतच मिसळलेला दिसावा, तसे हे आहे.

उलट उदाहरण सप्तर्षींचे. ती आकृती तारकासमूहाचा भाग असली, तरी तिच्या सात ताऱ्यांपैकी मधले पाच सुमारे 80 प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने एकत्र सरकतात. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्यातले नाहीत. हे उदाहरण, रोहिणीचे कोडे सुटल्यावरच, थोड्या मोठ्या मुलांना द्यावे.