प्रत्यायोजित विधिविधान

प्रत्यायोजित विधिविधान : संसदेने किंवा विधिमंडळाने कायद्याची चौकट आखून द्यायची आणि तिच्यातले नियम, विनियम, आदेश काढण्याचा अधिकार शासनाला किंवा एखाद्या नियामक प्राधिकरणाला द्यायचा, अशी कायदा करण्याची पद्धत. वीजदर, पाणीवाटप, दूरसंचार, शेअर बाजार या क्षेत्रांत लोकांना रोज लागू होणारा कायदा बहुतांशी असाच तयार होतो. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये नियम, विनियम आणि अधिसूचनाही ‘कायदा’ या संज्ञेत धरल्या आहेत. त्यामुळे मूलभूत हक्कांची कसोटी त्यांनाही लागते.

हैदराबाद संस्थानात असताना मराठवाड्यात विधिमंडळाने शासनाकडे किती अधिकार सोपवावा, हा प्रश्न उभा राहायला जागाच नव्हती. कायदा करणे, तो राबवणे आणि न्याय देणे या तिन्ही सत्ता निजामाकडे होत्या व त्याचे फर्मान हाच कायदा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या एका निकालात म्हटले आहे. कोणी कोणाला किती अधिकार द्यावा हा वाद इथे संविधानाबरोबर आला.

या वादावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निकाल १९५१ चा, दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणातला. सात न्यायमूर्तींनी सात स्वतंत्र मते लिहिली. त्यांतून निघालेले सूत्र असे, की धोरण ठरवणे हे विधिमंडळाचे मूळ काम आहे आणि ते दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. तपशील भरण्याचे काम सोपवता येते. १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना प्रकरणात औषधांच्या जाहिरातींवरील कायद्यातली एक तरतूद याच कारणाने पडली. बंदीच्या यादीत आणखी कोणते रोग घालायचे ते सरकारवर सोडले होते, पण निकष दिला नव्हता. प्राधिकरणाने मर्यादा ओलांडली तरी न्यायालय थांबवते. कॉल ड्रॉपबद्दल ग्राहकांना भरपाई देण्याचा ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा विनियम २०१६ मध्ये रद्द झाला.

मराठवाड्यात या सूत्राचा खरा कस लागला तो जायकवाडीच्या पाण्यावर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये विधिमंडळानेच धोरण लिहून ठेवले आहे : टंचाईची झळ खोऱ्यात सर्वांनी सारखी सोसावी, म्हणून ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असावी. ती कशी साधायची, हे प्राधिकरणाने ठरवायचे. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांचे पाणी कसे वाटावे हे तपासणाऱ्या मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालाच्या आधारे २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला. १५ ऑक्टोबरला नाथसागरात (जायकवाडीच्या जलाशयात) उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची व्यवस्था त्यातून आली. आदेश अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखी सुनावणी घेऊन दिलेला, असला तरी त्याचा परिणाम नियमासारखाच होतो. वरच्या भागातून त्याला आव्हान दिले गेले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम १२ मधली ही तरतूद वैध ठरवली. ६५ हा आकडा बदलण्याजोगा आहे आणि त्यावर वाद होत राहणारच. समन्यायी वाटपाचे तत्त्व मात्र प्राधिकरणाला मोडता येत नाही, कारण ते सभागृहाने घातलेले आहे. लाभक्षेत्राच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याला खरा आधार आहे तो याच तत्त्वाचा.

नियम सभागृहापुढे ठेवले जातात आणि दुय्यम विधान समिती ते तपासते. पण ही देखरेख काढलेल्या नियमांवर चालते. दिलेला अधिकार वापरलाच नाही तर काय, याकडे अभ्यासकांचे कमी लक्ष गेले आहे, आणि मराठवाड्याचे नुकसान तिथेच झाले. कायदा २००५ चा, आदेश २०१४ चा. मधल्या काळात २०१२-१३ चा दुष्काळ जालना, बीड, उस्मानाबादने (आताचे धाराशिव) सोसला. अशा वेळी आमदाराने सभागृहात जाब विचारणे आणि नागरिकांनी उच्च न्यायालयात परमादेश (कर्तव्य पार पाडण्याचा न्यायालयीन आदेश) मागणे, हे दोन मार्ग उरतात.